व्हिएन्नाचं पाणी जोखताना

एप्रिलात व्हिएन्नाच्या यू-वन मेट्रोत बसलं, की कोण कशासाठी आलंय ते विचारावं लागत नाही. पोस्टरची लांबलचक नळी खांद्याला अडकवलेला माणूस दिसला की तो आपल्यातला. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक परिषद इथे भरते. तिला पंधरा हजारांच्या वर भूशास्त्रज्ञ, हवामानवाले, पाणीवाले येतात आणि सकाळी काइझरम्यूलेन स्थानकावर दिंडी उतरावी तसे उतरतात. नागपूरहून मी आणि माझा पीएच.डी.चा विद्यार्थी त्या गर्दीत होतो.

परिषदेचं ठिकाण, ऑस्ट्रिया सेंटर, संयुक्त राष्ट्रांच्या वळणदार इमारतींना लागून आहे. हा सगळा भाग एकेकाळी डॅन्यूबच्या पुराचा. 1870 ते 1875 या काळात नदीला सरळ पात्रात आणलं; पुढे पुरासाठी दुसरा कालवा खोदला आणि त्यातून निघालेल्या मातीचं 21 किलोमीटर लांबीचं बेट केलं. श्ट्राउसनं निळी करून ठेवलेली ही नदी मला मात्र हिरवट-मातकटच दिसली.

आमचं पोस्टर होतं विदर्भातल्या बेसाल्ट खडकातल्या भूजलावर. पोस्टर लावून पुढ्यात उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. मोठमोठ्या सभागृहांतल्या भाषणांपेक्षा मला हेच जास्त आवडतं. एक ऑस्ट्रियन बाई आल्या, पावसाच्या आकड्यावर बोट ठेवून थांबल्या. "तुमच्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो? व्हिएन्नात साडेसहाशेच्या आसपास. मग तुमच्या विहिरी एप्रिलमध्ये कोरड्या कशा?" प्रश्न रास्त होता. आमचा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि बेसाल्ट कंजूष; भेगांत आणि झिजलेल्या थरात मावेल तेवढंच पाणी ठेवतो. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचा चुनखडक उधळ्या आहे. कधी वेळ मिळाला तर काइझरब्रुनला जाऊन या."

संध्याकाळी आम्ही श्वार्त्सेनबर्गप्लाट्झला गेलो, ते एडुआर्ड झ्यूसपायी. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव पहिल्या वर्षीच भेटतं. दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवानालँड' म्हणणारा हाच. हे नाव जिथून आलं त्या गोंडांच्या मुलुखात आम्ही राहतो. चंद्रपूर-गडचिरोली आमच्या फील्डवर्कची जागा. पण व्हिएन्नात झ्यूसची ओळख पाणी आणणारा माणूस अशी आहे. 1862 मध्ये त्यानं या शहराच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं. शहरातल्या विहिरींत कसलं कसलं पाणी झिरपतं आणि त्यातून लोक विषमज्वरानं कसे मरतात, हे त्याला दिसत होतं. दुसऱ्या वर्षी तो नगरपरिषदेत गेला आणि आल्प्सचे झरे थेट शहरात आणायचा आग्रह धरून बसला. इतक्या लांबून? पैसा कोण देणार? असे प्रश्न तेव्हाही झाले. अखेर 24 ऑक्टोबर 1873 रोजी सम्राट फ्रान्झ योसेफच्या हजेरीत याच चौकातलं कारंजं उडालं. सुमारे 90 किलोमीटरवरून पाणी आलं होतं, वाटेत एकही पंप न लावता, निव्वळ उतारानं. प्राध्यापकानं नगरसेवक होऊन काही करून दाखवल्याचं उदाहरण मला तरी पटकन दुसरं आठवत नाही.

तिथून कॅफे लांटमानला गेलो. तेही 1873 चंच. काळ्या जॅकेटातल्या वेटरनं चांदीच्या छोट्या तबकात मेलांज आणली, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, आणि शेजारी पाण्याचा छोटा ग्लास. ग्लासावर चमचा पालथा घातलेला. विद्यार्थ्यानं हळूच विचारलं, "मॅडम, हे नळाचंच आहे ना? प्यायचं?" मी आधी पिऊन पाहिलं. दातांत कळ जावी इतकं गार, आणि चव अशी काहीच नाही. कॉफी बरी होती. पैसे तिच्या मानानं फार घेतले.

शेवटच्या दिवशीची समारोपाची भाषणं सोडून आम्ही रेल्वेनं पायरबाखला आणि तिथून बसनं काइझरब्रुनला गेलो. श्नेबर्ग आणि राक्स या दोन डोंगरांमधली ही घळ. शिकारीला आलेल्या सम्राट सहाव्या कार्लला हा झरा सापडला आणि मग राजवाड्यासाठी घोडेस्वार इथून पाणी नेत, अशी कथा सांगतात. श्वार्त्सा नदीच्या काठानं, जलवाहिनीच्या सोबतीनं, पायवाट जाते. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. वर शिखरावर अजून बर्फ होतं. ते वितळतं, चुनखडकाच्या भेगांत शिरतं आणि खाली झरा होऊन बाहेर पडतं.

त्या बाई उधळ्या म्हणाल्या ते इथे नीट कळलं. चुनखडकातल्या रुंद वाटांनी पाणी भराभर खाली येतं, गाळलं फारसं जात नाही. वर कुणी घाण केली तर ती थोड्याच दिवसांत झऱ्यात. त्यामुळे जलवाहिनी बांधून भागत नाही, डोंगरच राखावा लागतो. झऱ्यांच्या वरचं 30 हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्र व्हिएन्ना शहर राखतं. तिथल्या जंगलाचं पहिलं काम पाणी, लाकूड नंतर. 2001 मध्ये पिण्याच्या पाण्याचं रक्षण शहराच्या घटनेतच लिहून टाकलं.

विद्यार्थी बराच वेळ मान वर करून त्या उतारावरची झाडी बघत होता.

"मॅडम, आपल्या महापालिकेनंही असा एखादा डोंगर घेतला तर?"

"तर वर्षभरात त्यावर ले-आउट पडेल," मी म्हटलं.

"मग एक प्लॉट मला सांगून ठेवा जी," तो म्हणाला, आणि आम्ही बस गाठायला पळालो.