मुळासकट पडलेला दात

आजीनं पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. आत नातवाचा दुधाचा दात होता. पोरगं साडेतीन वर्षांचं. “लवकर पडले म्हणजे नवेही लवकर येतील, नाही का हो डॉक्टर?” तिनं विचारलं. मी दात उलटा करून पाहिला. मूळ टोकापर्यंत शाबूत होतं.

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ जवळजवळ उरलेलंच नसतं. खालून येणाऱ्या दातासाठी ते विरघळत जातं. अख्ख्या मुळासकट दात गळला, तर त्याला धरून ठेवणारंच काहीतरी गेलेलं असतं. लहान मुलांच्या हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं, पण सहसा हाड झिजत नाही. ते झिजलेलं दिसलं, की मी ब्रशची चौकशी बाजूला ठेवून रक्ताची चिठ्ठी लिहितो. या मुलाच्या आईला आधीच्या दोन दवाखान्यांत ‘दात घासत नाही वाटतं’ असं ऐकवलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही तोंडून हे वाक्य गेलेलं आहे.

रक्तात पाहायच्या त्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल. काही मुलांत त्या जन्मापासून कमी असतात. काहींत साधारण दर एकवीस दिवसांनी तळाला जातात आणि पुन्हा वर येतात. अशा वेळी एका चांगल्या दिवसाचा अहवाल शुद्ध फसवतो, सहा आठवडे पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागतं. या मुलाच्या पेशी मात्र भरमसाट वाढलेल्या होत्या, तापबीप काही नसताना. मी आजीला विचारलं, “नाळ कधी पडली होती?” “महिना उलटला तरी पडेना,” ती लगेच म्हणाली. एरवी एक-दोन आठवड्यांत पडते. जखमा चिघळायच्या, पण पू कधी झाला नाही, हेही तिनंच सांगितलं. निम्मं निदान तिच्याकडेच होतं.

मला ज्याचा संशय आला, त्या आजारात पेशी रक्तात असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्यासाठी लागणारं सीडी-१८ हे प्रथिन नसतं किंवा अपुरं असतं. त्याची तपासणी मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते.

पेशी हिरडीपर्यंत पोचत नाहीत म्हणून जंतूंचं फावतं, असंच आम्ही शिकलो होतो. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की गोष्ट बरीचशी उलटी आहे. हिरडीत येऊन मरणाऱ्या न्यूट्रोफिलमुळेच दाहाला लगाम बसतो. त्या आल्याच नाहीत, की इंटरल्युकिन-१७ हा दाहाचा निरोप अखंड सुटत राहतो आणि हाड खातो. २०१७ साली त्या निरोपाच्या आधीची कडी अडवणारं, मूळचं सोरायसिसचं औषध एका रुग्णाला दिलं, तेव्हा हिरड्यांचा दाह ओसरला. एकाच रुग्णाचा अनुभव तो. पण नुसत्या साफसफाईनं आणि अँटिबायोटिकनं या हिरड्या का बऱ्या होत नव्हत्या, ते तेव्हा मला उमगलं.

आणखी एक सवय मला लागली आहे: मुलाला चपला काढायला सांगायची. तळवे जाड, भेगाळलेले असतील तर १९२४ साली पापियाँ आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेला आजार आठवतो. त्यात दुधाचे दात चार-पाच वर्षांतच जातात, हिरड्या बऱ्या होतात, आणि कायमचे दात आले की तेच पुन्हा सुरू होतं.

हे दोन्ही आजार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजूनही होतात, म्हणून तो प्रश्न विचारावाच लागतो, आणि विचारला की आई खाली बघते. तिला मी सांगतो, दोष कुणाचाच नाही. पण पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक ही शक्यता राहते, तेव्हा आधी जनुकतज्ज्ञाला भेटा. त्या मुलाला मी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुळावरचा उपाय त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

अकाली पडलेल्या दाताचं कारण कधी हाडांच्या आजारातही सापडतं. ते शोधणं आमचं काम. तुम्ही एवढंच करा: पडलेल्या दुधाच्या दाताला लांब मूळ दिसलं आणि मार लागलेला नसेल, तर तो कौलावर फेकू नका. पुडीत बांधून घेऊन या.