हाटकेशांतील भोपळ्याचें सार

गेल्या पौषांत धाकट्या भावाकडे हाटकेशास जाण्याचा योग आला. योग म्हणण्याचें कारण असें कीं, साताऱ्याच्या घराची वांटणी झाल्यापासून आठ वर्षें आम्हां दोघांत पत्राचाहि व्यवहार नव्हता. भावजयीनें फारच आग्रह धरला, म्हणून निघालों.

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी लोकलगाडी दहिसर मागें टाकते, तेव्हां डब्यांतला वारा एकदम निराळा लागतो. खाजण, तिवरांची झाडी, खारट दमट वास. आणि मग मीरा रोडच्या उंच इमारती. हाटकेश स्टेशनाच्या पूर्वेस आहे. एके काळीं लहान गांवें, भातशेतें व मिठागरें यांचा हा मुलूख. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका. आज कारखान्यांचे गाळे आणि बहुमजली घरें एकमेकांस खेटून उभीं आहेत. नांव मात्र मोठें सुंदर. संस्कृतांत 'हाटक' म्हणजे सोनें. हाटकेश्वर हें शंकराचें नांव, आणि गुजराथेंतील वडनगरचा हाटकेश्वर हा नागर ब्राह्मणांचा कुलदेव. रिक्षावाल्यास हें सांगण्यांत अर्थ नव्हता. त्यास इमारतीचें नांव हवें होतें.

मुंबईकडच्या थंडीस आम्ही घाटावरचे लोक हंसतों. पण खाडीवरून येणारा पहांटेचा ओला वारा सातव्या मजल्यावर चांगलाच अंगांत शिरतो. तिसऱ्या दिवशीं माझा घसा बसला. बंधु एकाच खोलीत वर्तमानपत्र वाचीत असत, पण बोलणें 'हो', 'नाहीं' यापलीकडे गेलें नव्हतें. भावजय म्हणाली, "दादा, आज तुम्हांला लाल भोपळ्याचें सार करतें."

कृति सोपी आहे. अर्धा किलो पिकला भोपळा घेऊन साल, आंतील दोरे व बिया काढाव्या. बिया वाळवून सोलून खातां येतात, टाकूं नयेत. चार वाट्या पाण्यांत आल्याच्या तुकड्यासह फोडी बोटानें चेपतील इतक्या शिजवून त्याच पाण्यांत घुसळाव्या. मीठ, सुपारीएवढा गूळ व दोन आमसुलें घालून एक उकळी आणावी. वरून तूप, जिरें व हिरव्या मिरचीची फोडणी. नारळाचें दूध अर्धी वाटी, पण तें पातेलें उतरल्यावर. आमसुलाच्या आंबटांत तें उकळलें कीं फुटतें.

हें सार उपासासहि चालतें. गंमत अशी कीं आपल्या शास्त्रांतला कूष्मांड तो कोहळा. लाल भोपळा मूळचा अमेरिकेंतला, १४९२ पूर्वीं आपल्याकडे कोणास ठाऊक नसलेला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कंदहि तिकडचाच. सोंवळ्यांतल्या आमच्या आजीला हें कळतें, तर एकादशीस तिनें काय खाल्लें असतें कोण जाणे!

मीं सहज स्वयंपाकघरांत डोकावलों. ओट्यावर विजेचें यंत्र होतें, पण भावजय रवीनें घुसळीत होती. त्या रवीची एक पाकळी तुटलेली होती. ती मीं लहानपणीं तोडली होती, आणि आईचा मारहि खाल्ला होता.

वांटणीच्या यादींत समया होत्या, परात होती, तांब्याचें घंगाळ होतें. त्या घंगाळावरूनच आमचें बोलणें तुटलें. तें आज माझ्या घरीं माळ्यावर पडलें आहे. रवी यादींत कोणीं लिहिलीच नव्हती.

"निघतांना एवढीच पिशवींत घातली त्यांनीं," भावजय हलक्या आवाजांत म्हणाली. "यंत्रांत सासूबाईंची चव येत नाहीं, म्हणतात."

मीं पाटावर येऊन बसलों. सार आईच्या हातचेंच होतें. आलें किंचित् जास्त. वाटी रिकामी झाली तेव्हां बंधु पातेलें घेऊन पुढें उभे.

"दादा, आणखी घे. गरम आहे तोंवर."

मीं वाटी पुढें केली.