आईचा पहिला गिअर

कोल्हापूरला निघाले म्हटलं, की ऑफिसात लगेच यादी निघते. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि येताना सगळ्यांना चपला! या वेळी माझ्या यादीत एकच आयटम होता, गिअर नॉब.

बाबा गेल्यावर आमची २००४ची मारुती ८०० वर्षभर दारात झाकून होती. दिवाळीनंतर आईनं, वय वर्षं ५८, ड्रायव्हिंगचा क्लास लावला. क्लासच्या गाडीवर ती झकास चालवते. घरच्या गाडीत मात्र पहिल्याऐवजी तिसरा पडतो आणि गाडी ऐन सिग्नलला बंद. नॉबवरचे आकडे बाबांच्या तळव्यानं कधीच पुसले गेलेत. शिवाय तो हातात गरागरा फिरतो.

'त्यात काय एवढं' म्हणत मी पुण्याहून चकचकीत स्टीलचा नॉब नेला. शनिवारी सकाळी हॅण्डब्रेक ओढला, फडक्यानं धरून जुना नॉब उलटा फिरवला. निघाला. नवा दोन आटे बसला आणि अडला. आणखी जोर लावला असता तर दांड्याचेच आटे गेले असते.

मग गाठलं उद्यमनगर. आपण इथे फडतरेंची मिसळ चापतो आणि गाडी वळवतो. पुढच्या गल्ल्यांत मात्र लेथचा आवाज सुरू असतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांची कास्टिंग हजारांनी ओतली जातात. इथल्या शेडमध्ये एखादा नगही करून देतात.

मिस्त्रीमामांनी दांड्याला पिच गेज लावला. "ह्यो १.२५चा, तुमचा नॉब १.५चा. बसंल कसा?" म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. फरक पाव मिलिमीटरचा! "आणि ताई, स्टील मे महिन्यात धरून बघा. हात भाजंल. गाडी चालवणार कोण?"

"आई."

"मग आईस्नी आणा की!"

आणलं. मामांनी तिच्या हातात नायलॉनचे दोन-तीन रॉड दिले. तिनं सगळ्यात बारीक निवडला. लेथवर गोल झाला, आतून आटे पडले, वर आकडे आणि रिव्हर्सचा 'आर' पंच करून त्यात पांढरा रंग भरला. नॉबखाली एक चेकनटही दिला. आकडे सरळ आले, की तो वर आवळायचा, नॉब हलत नाही.

तेव्हा मित्रहो, नॉब बदलायचा तर जुना सोबत न्या. आणि चालवणाऱ्यालाही!

नवा नॉब आईनंच बसवला. जुना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, त्यावर रुमाल. संध्याकाळी रंकाळ्याला गेलो. सिग्नलला पहिला गिअर एका झटक्यात पडला. मी टाळी वाजवणार, एवढ्यात तिनं गाडी कडेला घेतली.

"उतर तू. एक चक्कर मी एकटी मारून येते."