न खोललेलं इंजिन

झाकली मूठ सव्वा लाखाची. जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात ही म्हण कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळा बाजार तिच्यावरच चालतो. 'इंजिन खोललेलं नाही' एवढं विकणाऱ्यानं म्हटलं की टायर गुळगुळीत झालेले असोत, सीट फाटलेली असो, गिऱ्हाईक थांबतं. 'नुकतंच इंजिनकाम केलंय, पिस्टन-रिंग नवी टाकलीय' असं सांगितलं की तेच गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. नव्या रिंगांच्या इंजिनाचा खरं तर जास्त भरवसा वाटायला हवा. तो वाटत नाही. कुणाचा तरी हात आत जाऊन आला, एवढंच मनात राहतं.

या म्हणीत मूठ ज्याची असते त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं. न कळण्याचं ओझं समोरच्यावर असतं. जुन्या गाडीत मात्र मूठ माझी आणि आत काय आहे ते मलाच माहीत नाही. विकणाऱ्यालाही बहुधा नव्हतं, कारण तो दुसरा मालक, मी तिसरा. म्हणजे ही मूठ हातोहात फिरत आली आणि प्रत्येकानं ती न उघडता पुढच्याच्या हवाली केली. मग सव्वा लाख नेमके कुणी कुणाला दाखवायचे? आणि स्वतःची मूठ उघडायला माणूस का कचरतो? रिकामी निघेल म्हणून, की भरलेली निघाली तर इतके दिवस उगाच धास्तावलो असं वाटेल म्हणून?

गाडी स्प्लेंडर प्लस, २००६ची, एमएच ११ पासिंग. स्प्लेंडर १९९४मध्ये आली, पण तिच्या ९७.२ सीसी इंजिनाचं घराणं १९८५च्या सीडी १०० पासूनचं. त्या सीडी १००ची जाहिरात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं सांगायची. एका अख्ख्या पिढीनं ते मनावर घेतलं आणि इंजिनानंही विश्वास राखला. म्हणूनच की काय, गाडी चालू असताना आत बघणं आपल्याकडे अपशकुनासारखं झालं आहे. गल्लीतला मिस्त्रीही म्हणाला, "दादा, चालतीय ना? मग कशाला हात लावताय?"

त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही म्हणता येत नाही. पण ऑईल उतरत होतं. डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघितली की पातळी दर खेपेला थोडी खाली. या इंजिनाला कागदी ऑईल फिल्टर नाही. तळाला एक जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी. वाटी गरगर फिरते तशी ऑईलमधली जड घाण बाहेर फेकली जाऊन तिच्या कडेला चिकटते. ऑईल बदललं तरी ही घाण निघत नाही. त्यासाठी किक काढायची, फूटरेस्ट उतरवायचा, क्लचची तार सोडवायची आणि उजवं झाकण खोलायचं.

ते खोललं, तर पॅकिंग लग्नपत्रिकेचं होतं.

जाड पत्रिका झाकणावर ठेवून, कडेनं हातोडीनं हलकेच ठोकून कापलेली. एका बाजूला लाल शाईत गणपतीच्या सोंडेचा वळसा, आणि खालच्या बोल्टाच्या भोकाजवळ ऑईल पिऊनही वाचता येणारे दोनच शब्द : 'यायचं हं'. कुण्या लहान मुलाच्या नावानं मामाच्या किंवा काकाच्या लग्नाचं केलेलं आमंत्रण. गाडीच्या मागच्या दोन्ही अंगांना रंग खोलवर घासलेला आहे, दुधाचे कॅन अडकवले की घासतो तसा. पहिला मालक दूध घालणारा असावा. पहाटेच्या रतिबाची वेळ टळू नये म्हणून कुणीतरी रात्री क्लच प्लेटा बदलल्या असतील, दुकानं बंद असतील, आणि घरात हाताशी आली ती पत्रिका कापली असेल. लग्न आधीच होऊन गेलं होतं का? की ते घरचंच कार्य होतं आणि उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडून होता? पत्रिकेचं काम एका दिवसात संपतं. ही मात्र लग्नानंतर कित्येक वर्षं ऑईल धरून बसली होती, एक थेंबही न गळू देता.

नवं पॅकिंग आणलेलं होतं, तेच लावलं. जुनं टाकवलं नाही.

विकणाऱ्यानं फसवलं का, हे ठरवता येत नाही. क्लचचं झाकण काढणं म्हणजे इंजिन खोलणं नव्हे, असं कुठलाही मिस्त्री म्हणेल, आणि ते खरंही आहे. वाटीत बोटाच्या पेराएवढा काळा गाळ निघाला. तो फडक्यावर पसरून उन्हात धरला तर बारीक चमक दिसली. लोहचुंबकाला त्यातलं थोडं चिकटलं, थोडं नाही. एवढ्या वर्षांत एवढी झीज व्हायचीच, असं म्हणता येतं. रिंगा संपल्या, असंही म्हणता येतं.

मग टापेटचं अंतर. इंजिन गार असताना, टी-खूण जुळवून, ०.०५ मिलिमीटरची पट्टी सरकवून बघायची. किंचित अडत जायला हवी. एक्झॉस्टकडे ती शिरेचना. म्हणजे इतके दिवस ज्या शांत आवाजावर मी खूश होतो, तो अंतर मिटल्याचा आवाज होता. वाजणारा टापेट एकवेळ चालतो, गप्प टापेट वाईट. व्हॉल्व नीट बसत नाही, उष्णता सीटला देत नाही आणि कडेनं जळू लागतो. अंतर नीट केल्यावर गाडी आता थोडी वाजते. हे बरं आहे हे मला कळतं, कानाला पटत नाही.

ऑईल अजूनही उतरतंच. आता हेड खोलायचं की नाही, हा प्रश्न आहे. खोललं तर कळेल. पण पुढे कधी गाडी विकायला काढली आणि स्वतः खोलून, मोजून, साफ करून बसवलंय असं सांगितलं, तर समोरचा दोन पावलं मागे सरेल, आणि त्याला दोष देणं मला जमणार नाही. मीही इंजिन खोललेलं नाही हे ऐकूनच पैसे मोजले होते.