चिंचेखाली चालू गाडी

मित्राच्या मुलाला बंगळूरला नोकरी लागली आणि त्याला त्याची येझदी स्क्रॅम्बलर विकायची होती. "काका, दोन दिवस चालवून बघा, मग ठरवा," म्हणत त्याने किल्ली दिली. इंदूरच्या रहदारीत असली गाडी पारखण्यात अर्थ नव्हता. रविवारी सकाळी महू ओलांडलं, मानपूरच्या अलीकडे हमरस्ता सोडला आणि जानापावच्या डोंगराच्या बाजूने आत शिरलो. हे रस्ते माझ्या ओळखीचे. म्हणजे मागच्या सीटवरून ओळखीचे.

गाडी 334 सीसीची, पुढचं चाक 19 इंची. सीट 800 मिलिमीटर उंच, त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. वजन 180 किलोच्या वर, पण ते थांबल्यावरच कळतं. हँडल रुंद, खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि गाडीला खाली नाचू द्यायचं. एबीएसच्या तीन तऱ्हांपैकी एक खास कच्च्या रस्त्यासाठी. अडचण एवढीच की कच्चा रस्ताच सापडेना. 1924 साली इंग्लंडमधल्या कॅम्बरलीला एक शर्यत झाली, तिला 'स्क्रॅम्बल' म्हटलं गेलं, तिथून हे नाव चालत आलंय. इथे मात्र ग्रामसडक योजनेने डांबर पार वस्तीपर्यंत नेलंय. पाऊण तास मी खड्डे शोधत हिंडलो. बावन्नाव्या वर्षी माणसाने काय शोधावं!

शेवटी दोन शेतांमधली एक गाडवाट मिळाली. सोयाबीनची काढणी नुकतीच झालेली, वाटेवर भुसा पसरलेला. वळणावर मी शहरी सवयीने पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं, पाय टेकवून कसाबसा सावरलो. चूक माझीच. भुशावर ब्रेक दाबायचा नसतो हे बाबांनी 1985 मध्येच सांगितलं होतं.

बाबांची येझदी म्हैसूरची. टू-स्ट्रोक, 250 सीसी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. किक आणि गिअर यांचा दांडा एकच: वर फिरवून किक मारायची, तोच खाली आणून गिअर टाकायचे. तो कारखाना 1996 साली बंद पडला. ही नवी पिथमपूरची, म्हणजे आमच्या शेजारची. जुन्या येझदीच्या आवाजाबद्दल आज लोक जे हळवं होऊन बोलतात, ते ऐकलं की मी गप्प बसतो. बाबा बँकेत शेतीकर्जाचे अधिकारी होते. त्यांच्या कामाच्या गावांत त्या आवाजाचा अर्थ एकच होता: वसुली.

सुट्टीच्या दिवसांत ते मला मागे बसवून नेत. आम्ही पोचेपर्यंत गावातली अर्धी दारं लागलेली असत. एका गावाआधी चिंचेचं मोठं झाड होतं. तिथे बाबा थांबायचे, पण गाडी बंद करायचे नाहीत. घरी विनाकारण दिवा चालू राहिला तरी ओरडणारा हा माणूस दहा-दहा मिनिटं पेट्रोल जाळत तिथे उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणायचे, इंजिन गार होऊ दे. चालू इंजिन गार कसं होतं, हे मी विचारलं नाही.

वसुलीत ते कायम मागे राहिले. बढती हुकली, पुन्हा हुकली. माझ्या कॉलेजच्या फीची जमवाजमव चालू असताना मी एकदा रागाने म्हणालो होतो, "तुम्हाला नोकरी कधी जमलीच नाही." त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि हात धुवायला गेले.

चिंच अजून आहे. मी सावलीला थांबलो. बाजूच्या खळ्यावर सोयाबीन वाळत होतं. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्याने गाडीकडे बघून नाव विचारलं. मी म्हणालो, येझदी.

"येझदी तो बँकवाले साब की थी," तो म्हणाला. "यहीं खड़े रहते थे. गाड़ी चालू रखते थे, फट्-फट्-फट्. जिसके पास पैसा नहीं, वो खेत में निकल जाता था. फिर साब आते थे."

मी कोणाचा मुलगा ते सांगितलं नाही. त्याने तांब्याभर पाणी दिलं, ते प्यायलो. गाडी सुरू केली आणि तसाच थोडा वेळ उभा राहिलो. गावातून चार पोरं धावत आली, फोटो काढायला.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या दौऱ्याच्या डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. आईने रद्दीत घालू दिल्या नाहीत. त्या रात्री खाली काढल्या. त्या गावाच्या नावापुढे बाबांच्या सुवाच्य अक्षरात पानोपानी तेच: घरी कोणी नाही. घराला कुलूप. घरी कोणी नाही. 1990 साली दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ झाली, त्यानंतर मात्र त्या गावाची नोंद बरेच महिने नाही.

सोमवारी मुलाचा फोन आला. "काय काका, कशी वाटली गाडी?"

मी म्हणालो, "चांगली आहे रे. आवाज वेगळा आहे."