मशीन रुसतं ते गोधडीवरच

एरवी ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे मुकाट्याने शिवणारं मशीन गोधडी पुढ्यात आली की रुसून बसतं, हा अनुभव घरोघरचा आहे. वरून टाका कसा सुबक दिसतो, आणि उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं जाळं! मग बॉबिन काढा, पुन्हा घाला, केसचा स्क्रू पिळा, तेल ओता; नाहीतर ‘हे मशीनचं कामच नव्हे बाई’ म्हणून सगळं गाठोडं माळ्यावर.

मला माळ्यावर टाकून चालणार नव्हतं. लेकीला सातवा महिना लागला होता नि सासूबाईंची दोन इरकली लुगडी माझ्याकडे होती. बाळाला पणजीच्या लुगड्याची ऊब मिळावी, एवढीच हौस. पण ती लुगडी धुऊन धुऊन इतकी विरलेली, की टाका उसवला तर सुईची भोकं तशीच राहणार. म्हणजे ‘बिघडलं तर उसवू’ ही सोयच नाही. हाताने धावदोरा घालायचा, तर डोळे नि बोटं आता साथ देत नाहीत. तेव्हा मशीनचं दुखणं नीट समजून घेणं भाग होतं.

हातच्या गोधडीत दोरा एकच असतो. मशीनच्या टाक्यात दोन. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची गुंतवण कापडाच्या पोटात पडायला हवी. पॉपलिनच्या दोन पदरांवर ती जराशी खाली-वर झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गोधडीच्या चार-पाच पदरांत मात्र लगेच उघडी पडते.

आता गंमत अशी, की जाळं खाली दिसतं पण दुखणं असतं वरच्या दोऱ्याचं! तो ढिला राहिला की खाली लोंबतो. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. फूट खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. म्हणून फूट वर उचलून दोरा नव्याने ओवायचा, मगच टेन्शनच्या चकरीला हात लावायचा. उलट, वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले, तर वरचं टेन्शन जास्त झालं समजावं.

बॉबिन केसची परीक्षा मिनिटभराची आहे. ती दोऱ्याला धरून लोंबती ठेवा. आपोआप घसरत आली तर स्क्रू ढिला आहे. हलक्या झटक्याने बोटभर सरकून थांबली तर ती निर्दोष आहे. तिला उगाच छळू नका. माझ्याकडे आलेल्या दुरुस्तीवाल्याने मात्र पाहताक्षणी ‘शटलच बदला’ म्हणून सांगितलं होतं. शटल निघालं ठणठणीत. दात्यांखाली जुन्या सुताचा भुसा साठला होता, एवढंच. जुनं कापड भुसा फार टाकतं. बॉबिन संपली की दरवेळी तिथून ब्रश फिरवावा.

टाके सुटत असतील तर सुई पाहा. ब्लाउजची बारीक सुई जाड पदरांत वाकते नि खालच्या आकड्याला दोरा सापडत नाही. गोधडीला १६ नंबरची, पदर कमी असतील तर १४ ची, आणि नवी. दोरा ज्या बाजूने ओवतो, त्याच बाजूला सुईची लांब खाच हवी.

पदर सरकण्याचं कारण वेगळं. दाते खालचं कापड पुढे ओढतात नि फूट वरचं मागे रेटून धरतं. मग शेवटी वर चुणी उरते. फुटाच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा सैल करून दाब कमी करावा. मधून कडेकडे चार-चार बोटांवर कच्चे टाके घालावेत नि शिवणही मधूनच सुरू करावी. टाका जरा लांब ठेवावा. गोधडीचा भार टेबलावरून लोंबू देऊ नये, शेजारी स्टूल ठेवावं. ओढ बसली की सुई वाकून पट्टीवर आपटते.

हे सगळं आधी एका तुकड्यावर करून पाहावं, तेही तेवढेच पदर घेऊन. मी जुन्या चादरीचे चार पदर घेतले होते. एकेरी फडक्यावर जमवलेलं टेन्शन गोधडीवर कामाला येत नाही.

राहिले काठ. तिथे पदर दुमडून जाडी दुप्पट होते. पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं, एका वेळी एक टाका. माझा त्यात पाऊण तास गेला, पण सुई एकदाही मोडली नाही.