हिशेब : बाबा



आम्ही भोपाळजवळच्या करोंदचे. मी इथल्या मंडीत एका आढत्याकडे मुनीम. बावीस वर्षं हिशेब लिहिण्यातच गेली. लेक यंदा बारावीला, गणित चांगलं. इंजिनिअरिंग करायचं हे घरात न विचारताच ठरलेलं. क्लासच्या फीचा पहिला हप्ताही भरून झाला होता.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला गेम बनवायचेत. तेच काम करायचंय."

मी चिडलो. "आम्ही इथे पै-पै जोडतोय, आणि तू खेळत बसणार?"

आमच्या आई म्हणाल्या, "अरे, खेळणार नाही, बनवणार म्हणतेय पोर. ऐकून तर घे."

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. गोडो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर चार महिने खपून गेम केलेला. पाहतो तर काय, आमचीच मंडी! एप्रिलमधली गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग, लिलाव, काटा आणि वर ढग. पाऊस यायच्या आत माल आत घ्यायचा. मी तीनदा हरलो. मग म्हटलं, "अगं, लिलाव आधी, काटा नंतर. तू उलटं केलंयस." तिने लगेच वही काढून लिहून घेतलं.

"पण यात पोट भरतं का?" मी विचारलं. तिने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण दिलं. त्यांचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. सर्कशीतली पोरगी दुर्गेचं त्रिशूळ घेऊन भावाला सोडवायला निघते. त्यासाठी इंटरनेटवर वर्गणी गोळा करायचा प्रयत्न फसला, तेव्हा कंपनीच्या श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. लेक हे सांगत होती मला धीर यावा म्हणून. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

तिला स्पष्ट सांगितलं, "विकायला आपल्याकडे हे एकच घर आहे." ती म्हणाली, "म्हणून तर आधी नोकरी करीन, बाबा. दुसऱ्यांच्या गेमवर काम शिकेन."

शेवटी असं ठरलं : क्लास सोडायचा नाही. आमच्या जवळच अचारपुऱ्याला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, २०१९ मध्ये सुरू झालेली. तिची प्रवेश परीक्षा द्यायची. गेम डिझाइनचं पुढचं शिक्षण बेंगळुरूला आहे, ते नंतर बघू. नाहीच जमलं तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, गेमला प्रोग्रॅमिंग लागतंच.

परवा तिने गेम दुरुस्त करून दाखवला. लिलाव आधी, काटा नंतर. शेवटी नावं येतात, तिथे तिच्या नावाखाली एक ओळ होती : 'हिशेब : बाबा'. मी काही बोललो नाही, चष्मा पुसला.

आपल्यापैकी कुणाची मुलं या कामात असतील तर पगार किती, रात्री घरी किती वाजता येतात, हे खरंखरं सांगा. गोड गोड नको.